अगं, जरा बाजूला हो

काचवाल्यांना फोटोंचं वेड नेमकं कधी लागलं, ते त्यांच्या बायकोला विचारा. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. मापात सुताचाही फरक नाही, कडा अशा घासलेल्या की लहान मुलाने खुशाल हात फिरवावा. काच बसली की ती पुसायची, पुन्हा पुसायची आणि मग खडूने तिच्यावर मोठी फुली मारायची, नाहीतर कोणीतरी सरळ चालत येऊन नाक फोडून घ्यायचं. त्या फुलीचा त्यांना कोण अभिमान!

पोरं आपापल्या वाटेला लागली तसे दोघं नवरा-बायको अधूनमधून एखादं नवं शहर बघायला निघू लागले. म्हणजे पुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेले काचवाले, आणि मागे पिशव्या, छत्री, पाण्याची बाटली आणि त्यांचा स्वेटर सांभाळणारी बायको. देखणा चौक दिसला की काचवाले थांबायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "अगं, जरा बाजूला हो." ती व्हायची. मग वाट बघणं सुरू. सायकलवाला जाऊ दे, कुत्रं जाऊ दे, ती गप्पा मारणारी मंडळी एकदाची हलू देत. रस्ता पुसल्यासारखा लख्ख झाला की मग बटण दाबायचं. तोवर हिच्या पायांचे तुकडे पडायचे. पण सांगते कोणाला, समोरच्याने श्वाससुद्धा रोखून धरलेला!

हौस होती तोवर ठीक होतं. पण कोणीतरी त्यांना वाचनालयातल्या फोटोमंडळात नेलं आणि जिवाला घोर लागला. तिथे रविवारी सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावत आणि त्यांवर बोलत. नियम एकच: ज्याचा फोटो, त्याच्या तोंडाला कुलूप. कौतुक झालं तरी गप्प, चिरफाड झाली तरी गप्प. हा नियम मंडळाच्या प्रमुख बाईंचा. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पण छडी अजून आवाजात शिल्लक होती. निवडक फोटो वाचनालयाच्या जिन्यातल्या भिंतीवर लागत, आणि काचवाल्यांचा जीव त्या भिंतीत अडकला होता. त्यातही दैवाची थट्टा बघा, त्या फोटोंना काचा बसवायचं काम मंडळ यांनाच द्यायचं. दुसऱ्याच्या फोटोवर काच बसवा, पुसा आणि घरी या.

यांचा फोटो आला की मंडळी म्हणत, "रेषा सरळ आहेत." "उजेड छान." आणि पुढचा फोटो लावत. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हे म्हणजे पाहुण्याला पोटभर जेवू घालावं आणि त्याने फक्त ताटाची तारीफ करावी! एका रविवारी तर बाई म्हणाल्या, "फोटो इतका स्वच्छ आहे, की यावर खडूने फुली मारायला हवी." हशा पिकला. काचवाले तोंड पाडून घरी आले.

"अहो, झालं काय?" बायकोने विचारलं.

"काय चुकतंय तेच कोणी धड सांगत नाही."

"मग मी येऊ का पुढच्या वेळी?"

"तुला फोटोतलं काय कळतं?"

"कळत काही नाही. पण ते सगळे फोटो काढताना मी तिथे होते ना."

पुढच्या रविवारी ती आली. पडद्यावर एका पुलाचा दगडी जिना झळकला. मंडळात एक दातांचे डॉक्टर होते, ते म्हणाले, "पायऱ्या छान आल्यात." काचवाल्यांच्या तोंडाला कुलूप होतं. बायकोच्या नव्हतं.

"याच्या डाव्या कडेला चिकटून मी उभी आहे," ती म्हणाली. "आणि या पायरीवर एक म्हातारबाबा बुटाची नाडी बांधत बसले होते. त्यांची म्हातारी वरून ओरडत होती. भाषा कळत नव्हती, पण ओरडणं कळतं हो! हे म्हणाले, ती दोघं गेली की काढू."

सगळे खो खो हसले. पुढचा फोटो एका बेकरीच्या दाराचा.

"इथे बेकरीवाल्याने मला बसायला स्टूल आणून दिलं होतं. पण यांना दारात स्टूल नको होतं. मग मी उभीच."

या वेळी कोणी हसलं नाही.

"काचवाले," बाई म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुमचा खरा फोटो दर वेळी कडेच्या बाहेर राहतोय."

काचवाल्यांना बाईंचा राग आला, आणि तो फाटकापर्यंतच टिकला. पुढे घरापर्यंत डोळ्यांसमोर ते स्टूल होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

पुढच्या सहलीत त्यांनी बायकोला चौकात उभं केलं. ती पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ झाली. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि एका वळणावर, काही न बोलता, नुसता कॅमेरा उचलला. तो वर गेलेला दिसताच तिचे पाय आपोआप बाजूला वळले. दोन्ही हातांत पिशव्या, काखेतून निसटणारी छत्री, आणि नेमकं एक कुत्रं पायात आल्यामुळे ती यांच्याकडे बघून हसली. त्यांनी बटण दाबलं.

फोटो तिरका होता. कडेला अर्धा सायकलवाला, मागे दुकानाच्या काचेवर बोटांचे डाग. काचवाल्यांचा हात पुसून टाकायच्या बटणापर्यंत गेलाही होता. मग त्यांनी तिचा चेहरा मोठा करून पाहिला आणि हात मागे घेतला.

त्या रविवारी रेषांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. "पिशव्यांत आहे तरी काय?" "हसतेय कोणाला?"

"फोटोतून निघून चाललीय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"छे," बाई म्हणाल्या. "नवऱ्याला फोटो मिळावा म्हणून बाजूला होतेय."

फोटो भिंतीवर लागला. काच अर्थातच काचवाल्यांनी बसवली. ती पुसून झाल्यावर ते बायकोला जिन्यात घेऊन आले. ती भाजी घेऊन तशीच आलेली.

"केस काय विस्कटलेत माझे," ती म्हणाली. मग म्हणाली, "एवढी शहरं फिरलो आपण, अहो. पण मी बरोबर होते याचा हा पहिलाच पुरावा."

जिन्यात मंडळाचा नियम नव्हता. तरी काचवाल्यांनी नुसती तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या मागून जिना उतरू लागले.