दसऱ्याची ताटं

कामगारांच्या कॅम्पात राहणारे एक कोकणातले वेल्डर शुक्रवारी आमच्या सौदीतल्या, अल-खोबरच्या घरी येत. बोलणं मोजकं, पण हात कधी स्वस्थ नसत. दसऱ्याच्या पार्टीसाठी मी टेबलावर प्लास्टिकचे झेंडू मांडून कडेला ताटांची चळत ठेवली होती. मी साडी नेसून येते तो त्यांनी चळत मोडून ताटाताटात मीठ, लिंबू, चटणी वाढलेली!

मी वैतागलेच. "अहो, बुफे आहे. उभ्यानंच जेवायचंय."

"कॅम्पात रांगेत उभा राहून रोज जेवतोच की, वैनी," ते ओशाळून म्हणाले.

मी गालिच्यावर चादरी अंथरल्या. पंगत बसली, तसे ते वरणाचं भांडं घ्यायला धावले.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "आज मी वाढते."