मागीरआबा आणि कुंकवाचं बोट

चोपड्याच्या आबांचा प्रश्न उत्तर मिळाल्यावर खरा सुरू होई. काहीही सांगा, मान तिरकी करून ते विचारत, "मागीर?" म्हणजे, मग पुढे काय? म्हणून सारा गाव त्यांना मागीरआबाच म्हणे. पेडण्याच्या बाजारात माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आबा दारात दिसले की मी आधी चहा सांगत असे, कारण तासभर तरी ते हलणार नाहीत हे नक्की.

एका सकाळी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत शेअर सर्टिफिकेटं होती, वास्कोच्या बंदरावर कारकून असताना घेतलेली, जाड कागदाची, वर जहाजाचं चित्र. ती विकून त्यांना बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकींसाठी, कानाचं मशीन घ्यायचं होतं. "तिका माझा एक अक्षर आयकाक येणा नाय रे. मी विचारतंय आणि ती नुसती हसता," ते म्हणाले. हे सांगताना ते स्वतः मात्र हसले नाहीत.

मी समजावलं, की कागद थेट विकता येत नाहीत. आधी कंपनीकडे पाठवून डिमॅट करायचे, म्हणजे कागदाऐवजी खात्यात नोंद, आणि मग विकायचे.

"कागद गेलो काय मी कसलो मालक?"

"खात्यात आकडा दिसतो, आबा."

"मागीर? तो आकडो रवता खंय?"

आता हे मला तरी कुठे ठाऊक होतं! त्या दिवशी घरी जाऊन मी सगळं वाचून काढलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकानं मला असं अभ्यासाला बसवलं नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात आबा ही सर्टिफिकेटं पाटावर मांडून प्रत्येकाला ओल्या कुंकवाचं बोट लावत, तेही न चुकता उजव्या कोपऱ्यात. फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा खातेक्रमांक, नेमका तिथे. जहाज स्वच्छ आणि नंबर लालभडक! मी कपाळाला हात लावला.

"लक्ष्मीक कुंकू नाय लावचा तर कोणाक लावचा?" आबांनी निरागसपणे विचारलं.

शेवटी डब्याच्या तळाशी डिव्हिडंडच्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यांवर नंबर होता. त्या स्वच्छ राहिल्या होत्या, कारण आबांच्या लेखी ती लक्ष्मी नव्हे, नुसती पावती.

कागद गेले आणि परत आले. सही जुळत नव्हती. तरुणपणची सही झोकदार, आताचा हात थरथरता. आबा रोज पाववाल्या पोदेराच्या कागदावर जुनी सही गिरवू लागले. "तेवांचो मी माकाच गावणा नाय," एकदा ते म्हणाले, आणि मला फार वाईट वाटलं. अखेर बँकेच्या मॅनेजरबाईंनी त्यांना समोर बसवून आजची सही साक्षांकित केली. शेअर विकले गेले, मशीन आलं. पुढच्या दिवाळीला आबांनी त्या मशीनलाही कुंकू लावलं, आणि दुरुस्तीसाठी ते म्हापशाला मलाच न्यावं लागलं.

यंदा उन्हाळ्यात आबा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकींच्या कानात मशीन होतं, कडेला अजून लालसर. त्या म्हणाल्या, "ते कागद इकले कशे रे? तेवां माका आयकाक येय नाय. आणि मशीन इल्यार ते माकाच विचारीत रवले."

मी सगळं सांगितलं. डबा, कुंकू, पावाच्या कागदावरच्या सह्या. मग मशीन आलं, असं म्हणून थांबलो.

काकींनी मान तिरकी केली.

"मागीर?"