बाबांनी धारवाड तपासलं

बाबा माझ्याबरोबर धारवाडला आले ते एकाच अटीवर. "आधी गाव बघतो. नाही पटलं तर संध्याकाळच्या गाडीने दोघंही परत." एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खोलीही मिळाली होती, तरी माझं तिथे राहणं बाबांच्या पसंतीवर लटकलेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई तेव्हा नुकतीच गेली होती आणि कराडच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

रिक्षातून गाव कळत नाही, असं बाबांचं ठाम मत. म्हणून स्टेशनबाहेर भाड्याच्या सायकलींचं दुकान दिसताच ते तिकडे वळले. दुकानदाराने विचारलं, गावात ओळखीचं कोण आहे? कुणीच नव्हतं. तेव्हा त्याने बाबांचं मनगटी घड्याळ ठेवून घेतलं आणि दोन सायकली दिल्या.

"बघितलंस? माणसावर विश्वास नाही यांचा," बाबा पायडल मारत म्हणाले. पहिली खोट निघाली.

मग खोटींना तोटाच राहिला नाही. सुभाष रोडवर त्यांना गर्दी फार वाटली, पुढे झाडांच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही म्हणून ते वैतागले. पाणी जड, वारा उलटा, आणि चढ तर जणू आमच्यासाठीच मुद्दाम घालून ठेवलेले. रस्ता विचारायचे तो हिंदीत, आणि तोही असा की ऐकणाऱ्याने दचकावं. एका कापडदुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मराठीत बोला की हो. आमच्या घरात मराठीच आहे."

"मग तशी पाटी लावावी माणसाने," बाबा पुढे जाऊन पुटपुटले.

मला मात्र गाव आवडत चाललं होतं. ते बाबांपासून लपवता लपवता माझ्या नाकी नऊ आले.

विद्यापीठाच्या चढावर मी पुढे निघाले. वर पोचून मागे बघते तर बाबा नाहीत. थोडी थांबले, मग भरधाव उतार उतरले, तरी नाहीत. कन्नड येत नव्हतं, म्हणून एका भाजीवाल्या अक्कांना हातवारे करून पांढरा शर्ट, सायकल, टक्कल असं सगळं दाखवलं. टक्कल बघून त्या पोट धरून हसल्या आणि मला एक वाक्य शिकवलं: "नम्म अप्पन्न नोडीरेनु?" आमच्या वडिलांना पाहिलंत का? तेवढं एकच वाक्य घोकत मी गल्ल्यांमागून गल्ल्या पालथ्या घातल्या. दर वळणावर कुणीतरी हात करून दिशा दाखवत होतं.

बाबा सापडले ते गिरमिटच्या गाड्यापाशी. सायकलची चेन पडलेली, हात काळेकुट्ट, आणि पुढ्यात मसालेदार चुरमुऱ्यांची बशी, वर मिरचीभजी.

"कशी आलीस?"

"विचारत विचारत."

"कुणाला?"

"दिसेल त्याला."

गाडेवाला हसला. "अप्पा, मघापास्नं तीन माणसं येऊन सांगून गेली, तुमची पोरगी हुडकायलीय म्हणून. म्हणून तर हलू दिलं नाही मी तुम्हाला."

बाबांनी उरलेली भजी माझ्याकडे सरकवली.

परतीच्या वाटेवर त्यांनी एकही खोट काढली नाही. वारा अजून उलटाच होता. स्टेशनवर त्यांनी तिकीट एकच काढलं. ते बघून मला इतका आनंद झाला की लोकांदेखत मी टुणकन उडी मारली.

खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "गाव चांगलं आहे गं. दिवसभर खोट शोधत होतो. एक जरी धड सापडली असती, तर तुला घेऊन गेलो असतो."

मी हसले. ते हसले नाहीत. गाडी हलली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की उद्या सकाळी कराडच्या घराचं कुलूप ते एकटेच उघडणार.