डेंग्यूनंतरचे केस
परवा औषधाच्या दुकानात कुणीतरी आवळा-माक्याच्या गोळ्यांची बाटली उघडली आणि त्या कडवट वासानं मला कोल्हापुरातलं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. डेंग्यूतून उठल्यावर माझे केस मूठमूठ गळत होते आणि आजऱ्याचे भातशेतकरी असलेले माझे वडील दर आठवड्याला केसांसाठी अशा औषधाची नवी बाटली घेऊन येत होते. शेवटी आम्ही दोघं राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वडिलांनी आणलेल्या चारही बाटल्यांवरची लेबलं वाचली आणि त्या बाजूला ठेवल्या. "हे आधी बंद करा. तापानंतर केस गळतात, बहुतेकांचे परत येतात." वडिलांचा चेहरा उतरला. "मग मी काय करू?" "पोरीला नीट खाऊ घाला." कधी चहाही न केलेले वडील माझ्या खोलीवर राहायला आले आणि अंडी उकडू लागले, मुगाची उसळ शिजवू लागले. उसळ करपायची, तरी मी ती खायचे. काही महिन्यांनी मी गॅलरीत उन्हाला बसले होते, तेव्हा वडील मागून ओरडले, "आगं, उगवलं की! भाताच्या रोपागत दिसतंय बघ!" माझ्या डोक्यावरची ती कोवळी लव त्यांनी बोटानं चाचपली आणि तिथंच उभे राहून रडले. आज वेणी घालायला वेळ लागतो. त्या दिवशी मात्र नवे केस पेरभरही नव्हते, तरी इतके महिने ओढणीनं झाकलेलं डोकं उघडं ठेवून मी वडिलांबरोबर बाजारात गेले होते.