पाण्यात तेजाब की तेजाबात पाणी

नारायणभाऊंनी शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा साहेबांच्या हातात पाण्याचा चंबू होता आणि त्याखाली बीकरमध्ये सल्फ्युरिक ॲसिड. शाळेच्या शिपायानं साहेबाला हात लावणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. हेडमास्तर कडाडले, "नारायण, सोड हात! उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही सोडत," भाऊ म्हणाले. "पहिले चंबू खाली ठेवायले सांगा त्यांले."

मी तेव्हा बुऱ्हाणपूरला सायन्स शिकवत होतो. नवं राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या फाइली नागपूर सोडून भोपाळला जाऊ लागल्या होत्या आणि सगळ्या पाट्या हिंदीत करा असा हुकूम निघाला होता. लॅबमधली माझी मराठी पाटी उतरली, त्या रागात मी नव्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केवढा तो बाणेदारपणा!

आता हे ॲसिड काय चीज आहे ते सांगतो. आमच्याकडे त्याला गंधकाचं तेजाब म्हणतात. दिसायला तेलासारखं, अगदी साधंभोळं. खताच्या कारखान्यापासून मोटारीच्या बॅटरीपर्यंत सगळीकडे लागतं. पण पाण्यासाठी हपापलेलं. साखरेवर ओता, तिच्यातलं पाणी ओढून कोळसा करतं. कातडीलाही सोडत नाही. पातळ करायचं तर आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड थोडं थोडं सोडायचं, काचेच्या कांडीनं ढवळत. उलट केलं, की पाणी वरच्या वर उकळतं आणि ॲसिड घेऊन तोंडावर उडतं.

साहेब शिकलेले इतिहास. पण मुलांना स्वतः प्रयोग करून दाखवायची हौस आली. मी कपाटातून रजिस्टर काढत होतो. त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली आणि तसंच करायला घेतलं. भाऊ धावले, तेव्हा मीही ती पाटी पहिल्यांदाच वाचली: "तेज़ाब में पानी मिलाएँ."

मी चंबू काढून घेतला. सगळ्यांना लांब उभं केलं, मध्ये जाड काच धरली आणि नळीतल्या चार थेंब ॲसिडवर पाण्याचा एकच थेंब सोडला. तडतड झाली. काचेवर शिंतोडे उडाले. साहेबांनी हळूच आपले डोळे चाचपले. लाज मला वाटली, चांगलीच वाटली.

पाटी रंगवणाऱ्या, इतवारा पेठेतल्या पेंटरला बोलावलं. हेडमास्तरांनी त्याला मजकूर बरोबर लिहून दिला होता.

"काग़ज़ पे 'पानी में तेज़ाब' लिखा था," तो म्हणाला. "हम समझे माट्साब से ग़लती हो गई. मिलावट तो पानी की होती है ना? दूध में पानी डालते हैं, पानी में दूध कौन डालता है?"

मी भाऊंकडे वळलो.

"भाऊ, पाटी वाचूनही तुम्हाला शंका आली?" मी विचारलं.

"मले कुठं वाचता येतं, सर? जुन्या मास्तरनं शिकवलं तसं करतो."

भाऊंची नोकरी टिकली. महिन्याभरानं साहेबांचा शेरा आला: "प्रयोगशाला का चपरासी अनपढ़ है. उसे तुरंत पढ़ना सिखाया जाए."

हुकूम पाळला. पण त्याआधी स्टुलावर चढून ती पाटी मी माझ्या हातानं दुरुस्त केली, हिंदीतच. भाऊंना वाचता येत नव्हतं म्हणून साहेब वाचले. उद्या भाऊही वाचायला शिकले, तर आम्हाला कोण वाचवणार होतं?