गटातली तिसरी

माझं पहिलं सुवर्णपदक मी नुसतं उभं राहून जिंकलं. पंचांनी समोरच्या मुलीला तीनदा पुकारलं, ती स्पर्धेला आलीच नव्हती, मग त्यांनी माझ्या बाजूला हात केला आणि झालं. बहात्तर किलोंच्या वरच्या मुली तेव्हा आमच्या राज्यात ज्युडो खेळायच्याच कुठे? एक मी आणि एक किनाऱ्याकडच्या जिल्ह्यातली. तीही एखाद्या वर्षी यायची, एखाद्या वर्षी नाही. शोकेसमध्ये पदकं वाढत होती आणि पाहुणे तोंडभर कौतुक करत होते. त्यांतली निम्मी आयती मिळालेली आहेत हे मी कुणाला सांगत नव्हते.

नल्लकुंट्यातल्या आमच्या मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्यांतली आणि सरकारी खात्यांतली माणसं. अंगापिंडानं अशी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. आत्या म्हणायची, हिच्या सासरच्यांना आधी पलंग मजबूत करून घ्यायला सांगा. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मनातून आत्याला एकदा तरी पाठीवर आपटायची स्वप्नं बघायचे. माझ्या मापाचा ज्युडोचा तयार ड्रेस मिळत नव्हता म्हणून आईनं तो अफझलगंजातल्या तंबू शिवणाऱ्या शिंप्याकडून शिवून आणला. माप माझ्या भावाचं आहे असं तिनं त्याला सांगितलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वडिलांना मात्र माझ्या वजनात नोकरी दिसत होती. एका सरकारी कंपनीत खेळाडूंसाठी काही जागा असायच्या. घराघरांत नव्या वाहिन्या येत होत्या, गल्लीत रंगीत गाड्या दिसायला लागल्या होत्या, सगळ्यांना त्याचं अप्रूप होतं. वडील पेपरातल्या खासगीकरणाच्या बातम्यांवर लाल रेघा मारत बसायचे. दारं मिटायच्या आधी आत शिर, एवढंच ते मला सांगत.

अर्ज आणायला गेल्यावर कळलं, की गटात निदान तिघी उतरल्या असतील तरच पदक धरतात. माझ्या गटात कधी तिघी नव्हत्याच. इतक्या वर्षांची माझी सगळी पदकं त्या एका ओळीनं कचऱ्यात गेली. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी सरावाला गेले, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

तिथं ती होती. विद्यानगरची तेलुगू मुलगी, माझी सरावातली जोडीदारीण. वजनानं माझ्याहून कमी, एका गटानं खालची, पण दुसऱ्या कुणी मुली माझ्याशी सराव करायला तयार नसायच्या. माझं वजन रोज अंगावर घेणारी ती एकटीच. तिचे वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडायला आला होता, म्हणजे नोकरीची गरज माझ्याहून तिला जास्त. मी तिला नियम सांगितला. पुढचं मी मागितलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी मागितलं. यंदा तू माझ्या गटात ये, म्हटलं, तुझा नंबर पुढच्या वर्षी. तिनं थोडा वेळ बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या आणि हो म्हणाली.

वजनाच्या दिवशी बाकीच्या मुली स्वेटर घालून पळत होत्या, मगात थुंकत होत्या, थेंबभर वजन उतरावं म्हणून. ती एकटी कोपऱ्यात बसून केळी खात होती आणि लोटीनं पाणी पीत होती. काट्यावर चढली तेव्हा पोट धरून, ओठ घट्ट मिटून उभी होती. काटा बहात्तरच्या जेमतेम पुढे गेला. परत आल्यावर आमच्या लढतीबद्दल ती मला म्हणाली, "मेरेकू आहिस्ता डाल, हौ?"

"आहिस्तेच डालती, फिकर नको कर," मी म्हटलं.

माझी पहिली लढत किनाऱ्याकडच्या मुलीशी झाली. आम्ही दोघी एकमेकींची कॉलर धरून ढकलाढकली करत राहिलो आणि शेवटी एका बारक्या गुणावर मी जिंकले. खुर्च्यांतून कुणीतरी हत्तींची झुंज म्हणालं आणि ती रांग हसली. त्या रांगेत कंपनीचा माणूस बसलाय असं आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी सकाळीच सांगितलं होतं. तो हसला की नाही मला माहीत नाही. मला तो हसलेलाच दिसला.

म्हणून तिच्याशी लढताना मला नुसतं जिंकायचं नव्हतं. मलाही फेकता येतं हे त्या रांगेला दाखवायचं होतं. ती ठरल्याप्रमाणे सैल उभी होती. मी तिची बाही ओढली, कंबर आत घातली आणि तिला पूर्ण उचलून टाकलं, वर माझं सगळं वजन तिच्यावर. दोन मॅटमधल्या फटीत तिचा पाय अडकला होता. गुडघ्याचा आवाज मी ऐकला. पंचांनी पूर्ण गुण दिला.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकते. खेळात पाय अडकतात. पण त्यानंतर मी उठले, माझ्या जागेवर गेले, पट्टा सारखा केला आणि विजयाचा हात माझ्या बाजूला होईपर्यंत उभी राहिले. नियम तसाच आहे. ती खाली पडून माझ्याकडे बघत होती आणि मी आधी निकाल लागू दिला. मग धावले. तिला दोन्ही हातांवर उचलून मैदानाबाहेर ऑटोपर्यंत नेलं. तेवढं वजन उचलणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

ती पुन्हा मॅटवर उतरली नाही. माझं नेमणुकीचं पत्र यायला वर्ष लागलं. तोवर सगळीकडे कळलं होतं, की आमच्या यादीनंतर खेळाडूंची भरती बंद. तिचा म्हणून जो पुढच्या वर्षीचा नंबर मी सांगितला होता, तो आता कधीच यायचा नव्हता.

पत्र घेऊन मी विद्यानगरला तिच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं असं ठरवूनच गेले होते. तिनं ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि आईला तेलुगूत समजावून सांगितलं. तिच्या अम्मांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, बाकीचे नुसते बघत होते, तू एकटी माझ्या पोरीला उचलून घेऊन आलीस. तशा मैत्रिणी मिळत नाहीत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अम्मा पान वाढायला आत वळल्या.

ती लंगडत माझ्याजवळ आली. "अम्माकू कुछ नको बोल," ती हळूच म्हणाली. "उनो तेरेकू दुआ देते रोज."

तिला सगळं माहीत होतं. मी कबूल केलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि त्या घरात ज्या एका गोष्टीचं समाधान उरलं होतं ते गेलं असतं. हा विचार तेव्हा मी केला, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तिनं नको म्हटल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं.

अम्मांनी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, वाढला. मी खाल्ला. आणखी घे म्हणाल्या, मी पान पुढे केलं.