काकीची मशीन

सकाळपासून मागच्या आवारात झाडाच्या फांद्या छाटायचं काम चाललं आहे. पेट्रोलचा धूर आणि ओल्या लाकडाचा तुरट वास एकमेकांत मिसळून खिडकीतून आत येतो आहे. छाटणारा माणूस पायात स्लिपर घालून, साखळी-करवतीची मशीन डोक्याच्या वर धरून फांदी कापत होता. मला राहवलं नाही. खाली जाऊन म्हटलं, "खांद्याच्या वर नेऊ नका हो ती." तो हसला. "ताई, तुम्हाला काय माहीत मशीनमधलं?"

मला जे माहीत आहे ते माझ्या धाकट्या काकीकडून आलेलं. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत ती राहायची. काका लवकर गेले, मुलगा मुंबईला. तिच्याकडे दोन म्हशी, थोडी जमीन आणि बांधावरची ऐन-किंजळाची झाडं होती. गॅसचा सिलिंडर वर न्यायचा म्हणजे डोक्यावरून, आणि म्हशींचं आंबोण तर चुलीवरच शिजायचं. पावसाआधी वर्षाची लाकडं पडवीत रचली नाहीत, तर आषाढभर घर धुराने खोकत बसे. लाकडं कापणारे गडी एकेक करून शहराकडे गेले. तिचे दीर, म्हणजे माझे थोरले काका, नुसतं "बघू" म्हणत राहिले आणि दोन उन्हाळे तसेच गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात ती एसटीने महाडला, मी शाळेत शिकवते तिथे, माझ्याकडे आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चल गो, मशीन बघायला."

दुकानदार सगळं माझ्याकडे बघून सांगत होता. चालवणार कोण, असं त्याने विचारल्यावर काकी म्हणाली, "मी." त्याने सगळ्यात मोठी मशीन पुढे केली, काम झटपट होईल म्हणाला. काकीने ती कमरेशी दोन्ही हातांनी धरली आणि तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ. मग खाली ठेवली. "हात दुखले की ही मला ऐकायची नाय." जिच्यावरून साखळी फिरते ती पट्टी लहान असलेली, हलकी मशीन तिने निवडली. पुढची दांडी ढकलली की साखळी जागच्या जागी थांबते, तो ब्रेक तिने त्याला तीनदा करून दाखवायला लावला. डोळ्यांना चष्मा घेतला, जाड बूट घेतले. वाडीत ती मुलाची जुनी जीन्स घालून कापायला उभी राहिली, तेव्हा विहिरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ती मात्र मशीन जमिनीवर ठेवून, तिच्यावर पाय रोवून सुरू करायची आणि लोकांच्या बोलण्याकडे साखळीच्या आवाजाइतकंही लक्ष द्यायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला लागलं. ऐनाची फांदी कापताना पट्टीचं टोक मागे दडलेल्या ओंडक्याला टेकलं आणि मशीन उसळून अंगावर आली. ब्रेक बसला, साखळी थांबली, तरी दातांनी डावा खांदा फाडलाच. पोलादपूरच्या दवाखान्यात टाके घालून झाल्यावर थोरले काका खाटेशी येऊन म्हणाले, "मी सांगत होतो. बायांचं काम नाय हे."

काकी पांढरीफटक पडली होती. पण शब्द न् शब्द स्पष्ट होता. "बाई हाय म्हणून नाय लागलं, भावजी. टोक लागलं म्हणून लागलं. तुमच्या हातात असती तरी अशीच उडाली असती. मागं काय हाय ते मी बघितलं नाय, ही चूक माझी."

थोरल्या काकांनी मशीन आपल्या घरी नेऊन माळ्यावर टाकली. तिच्या भल्यासाठीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. मीही तिला म्हटलं, राहू दे आता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. दवाखान्यातून आल्याच्या चौथ्या दिवशी, हात गळ्यात बांधलेला असताना ती त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "माझी वस्तू द्या." त्यांच्या सुनेने शिडी लावली, मशीन उतरवली आणि काकीच्या उजव्या हातात दिली.

खांदा पुरता भरून यायला पावसाळा उलटला. मग दिवाळीनंतर तिने कानशीने साखळीचा एकेक दात घासला, फांदीमागची जागा कोयत्याने मोकळी केली आणि उरलेला ऐन कापून काढला. काकांना ते कधीच पटलं नाही. सून मात्र येऊन बांधावर बसू लागली, आणि एक दिवस तिने बूट मागितले.

काकी जाऊन आता चार वर्षं झाली. वाडीत रस्ता पोहोचला, गॅस पोहोचला, निम्म्या घरांना कुलपं लागली. तिच्या धाडसाचं कौतुक आता सगळेच करतात, थोरले काकासुद्धा. मला ते कौतुक थोडं उणं वाटतं. धाडस तिच्याकडे होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट तिने दवाखान्याच्या खाटेवर केली. आपली चूक तिने आपल्याकडेच ठेवली, आपल्या बाईपणावर ती कुणाला ढकलू दिली नाही. वर्गात एखादी मुलगी गणित चुकते आणि खजील होऊन "मला जमणारच नाही" म्हणते, तेव्हा मी तिच्या शेजारी बसते आणि नेमकी कुठली पायरी चुकली, तेवढंच तिला शोधायला लावते.